एआरएआय टेकडीवरचा आकडा आणि भूमकर चौकातली गाडी

मेव्हण्याला गाडी घ्यायचीय. राहतो पुण्यात वारज्याला, ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या फेज थ्रीला, येऊन-जाऊन चाळीस-बेचाळीस किलोमीटर, आणि गेले दोन महिने रात्री जेवण झालं की त्याचा फोन, "जिजू, ही अठ्ठावीस देते म्हणतायत, खरंच देते का हो?" दुसऱ्या दिवशी गाडी वेगळी, आकडा वेगळा, प्रश्न तोच. त्याची चूक नाही म्हणा, आपल्याकडे गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी शेजारचे काका हेच विचारतात, किती देते? मीही पंधरा वर्षं हेच विचारत आलो. पण रोजच्या ऑफिससाठी गाडी घेणाऱ्या माणसाला ब्रोशरमधला तो मायलेजचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही असं माझं आता ठाम मत झालंय, आणि राग याचा येतो की जो आकडा खरंच कामाचा आहे तो मोजलेला असतो, फक्त आपल्याला दाखवत नाहीत.

आता हा आकडा येतो कुठून ते बघा. पुण्यात सकाळी फिरायला जाणारे लोक वेताळ टेकडीच्या एका भागाला सरळ एआरएआय टेकडीच म्हणतात, कारण तिथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, १९६६ सालची संस्था. देशातल्या कितीतरी गाड्यांचं टेस्टिंग तिथे होतं, काहींचं मानेसरला होतं, पण लोकांच्या तोंडी शब्द एकच, "एआरएआय मायलेज". म्हणजे गंमत बघा, ज्या टेकडीवर हा आकडा जन्माला येतो तिच्याच पायथ्याशी पौड रोडला आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर क्लच दाबून बसलेले असतो.

टेस्ट रस्त्यावर होतच नाही. गाडी रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि समोरच्या स्क्रीनवर जशी वेगाची रेघ सरकेल तशी ड्रायव्हरने गाडी चालवायची. एसी बंद. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, आणि तेवढ्यात गाडी साधारण साडेदहा किलोमीटर पळाल्यासारखी होते. याचे दोन भाग असतात आणि खरी मेख तिथेच आहे. पहिल्या भागात शहराची नक्कल, ७८० सेकंदांत फक्त चार किलोमीटर, थांब-चाल-थांब, वेग पन्नासच्या वर नाही. दुसऱ्या भागात ४०० सेकंद मोकळा रस्ता, नव्वदपर्यंत वेग, त्यात साडेसहा किलोमीटर होतात. मग दोन्ही मिळून एकच आकडा काढायचा आणि खाली बारीक अक्षरात छापायचं की ठरलेल्या चाचणी परिस्थितीत, मोटार वाहन नियमावलीच्या नियम ११५ प्रमाणे वगैरे. पूर्ण टेस्टचा सरासरी वेग येतो ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास.

पुण्यात ताशी बत्तीस! टॉमटॉम नावाची कंपनी दरवर्षी जगभरच्या शहरांचा ट्रॅफिक मोजते, त्यांच्या २०२४ च्या यादीत पुणे जगात चौथं सगळ्यात हळू शहर होतं, दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. भागाकार करा, ताशी अठरा. आणि टेस्टमधल्या त्या पहिल्या, शहरी भागाचा वेग किती येतो माहितीये? चार किलोमीटर भागिले तेरा मिनिटं, तोही अठराच्याच घरात. म्हणजे आपल्या नशिबात जो वेग लिहिलाय त्याच वेगाचा भाग टेस्टमध्ये आहे, लॅबमध्ये तो चालतो, त्याचा धूर पिशव्यांमध्ये गोळा होतो, मोजला जातो, त्यावरून पेट्रोल किती जळालं ते निघतं. आणि मग त्यात हायवेचं पाणी घालून आपल्याला एकच पातळ आकडा वाढतात. युरोपात याच टेस्टचं मूळ रूप चालायचं तेव्हा ब्रोशरमध्ये तीन आकडे असायचे, शहरात किती, शहराबाहेर किती आणि दोन्ही मिळून किती. आपण टेस्ट उचलली, थोडी बदलून घेतली, पण दाखवायला एकच आकडा ठेवला, आणि तो नेमका दिसायला बरा असणारा.

शहरी भागही फार लाडाचा आहे म्हणा, त्यात गाडी शून्यापासून पन्नासला पोचायला २६ सेकंद घेते. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात सिग्नल सुटल्यावर २६ सेकंद घेऊन बघा, मागचे हॉर्न वाजवून कान फोडतील, आणि तोवर शेजारून तीन टमटम आणि एक बुलेट पुढे घुसलेली असेल. एसी बंद हे तर बोलायलाच नको, मे महिन्यात काचा उघड्या टाकून हायवेच्या सर्व्हिस रोडला उभं राहणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

माझी स्वतःची गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसी, ब्रोशरवर एकवीसच्या वर काहीतरी होतं. बाबांची सवय मला लागलीय, ग्लव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. टाकी फुल, नोझल आपोआप कट झालं की बास, वरून "साहेब राऊंड फिगर करू का" म्हटलं तरी नाही, रीडिंग लिहायचं, पुढच्या वेळी परत कटऑफपर्यंत भरायचं आणि मधले किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही, माझ्या गाडीत तो नेहमी एखाद-दीड किलोमीटर उदार असतो. तर वहीत काय आहे, गणपतीच्या आधीचा आठवडा, ४१२ किलोमीटर, ३१.७ लिटर, म्हणजे तेरा. त्याच गाडीने दिवाळीत कोल्हापूरला जाऊन आलो तर एकोणीस. गाडी तीच, पाय तोच, टायरमध्ये हवा तेवढीच. फरक पडला तो रस्त्याने.

लोक म्हणतात चालवण्यावर असतं. असतं ना, नाही कोण म्हणतं. हवा कमी असली की अ‍ॅव्हरेज पडतं, उगाच रेस देऊन ब्रेक मारला की पडतं, पेट्रोल वाचवा सांगणारी पीसीआरए ही सरकारी संस्था तर कित्येक वर्षं सांगतेय की ४५ ते ५५ च्या वेगात चालवा आणि सिग्नलला इंजिन बंद करा. पण ४५ चा वेग मिळवायचा कुठून? उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य असतं, इतकं साधं आहे हे. बाराशेचं इंजिन नुसतं चालू ठेवून उभं राहिलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी लावला की अजून, आणि फेज वनच्या आत शिरताना रोज वीस-पंचवीस मिनिटं जी जातात त्यात ड्रायव्हिंग स्किल काय दाखवणार?

आणि हे "लिटरला किती किलोमीटर" असं मोजणंच जरा फसवं आहे. मेव्हण्याला मी एकदा विचारलं, एका माणसाने बारा देणारी गाडी विकून सोळा देणारी घेतली, दुसऱ्याने वीस देणारी विकून अठ्ठावीस देणारी घेतली, जास्त पेट्रोल कोणाचं वाचलं? तो लगेच म्हणाला अठ्ठावीसवाल्याचं, आठने वाढलं ना. कागदावर मांडा. महिन्याला हजार किलोमीटर धरा, पहिल्याचे ८३ लिटर होते ते साडेबासष्ट झाले, जवळजवळ २१ लिटर वाचले. दुसऱ्याचे ५० होते ते छत्तीसच्या आत आले, १४ वाचले. म्हणजे खरी लूट खालच्या टोकाला आहे, वरच्या टोकाला चोवीस का सव्वीस यावर जे व्हॉट्सअ‍ॅपवर रात्र रात्र वाद चालतात त्यात महिन्याला चहा-पोह्याचे पैसे असतात. शंभर किलोमीटरला किती लिटर, असं उलटं मोजलं की हे आपोआप दिसतं. आपली आई नाही का महिन्याला किती गॅस लागतो ते सांगत, एका सिलिंडरमध्ये किती पोळ्या झाल्या ते नाही सांगत.

मग घ्यायचं काय? इथे मेव्हण्याचं डोकं खरं फिरलं. त्याच्या टीममधला लातूरचा एक मुलगा सीएनजी घेऊन मोकळा झालाय आणि रोज लंचला याला हिणवतो. सीएनजीचा हिशोब मी मांडून दिला, पेट्रोल एकशेचार आणि गॅस नव्वद रुपये किलो धरून. महिन्याला ९०० किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये पेट्रोलवर साडेतेरा, गॅसवर किलोला चोवीस. पेट्रोलचे साधारण ६,९०० रुपये, गॅसचे ३,४०० च्या आत. साडेतीन हजार महिना वाचले. गाडीला सीएनजीचे पंच्याण्णव हजार जादा मोजलेत असं धरलं तर सव्वादोन वर्षांत वसूल, उत्तम. पण मेव्हण्याला आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस आहे, बाकी घरून काम. त्याचे महिन्याचे ५०० किलोमीटरच होतात, मग वसूल व्हायला चार वर्षं. शोरूममधल्या पोराने त्याला हे सांगितलं नव्हतं, त्याने विचारलंही नव्हतं, दोघं "चौतीस देते" यावर खूश होते. किलोला चौतीस आणि लिटरला चौतीस यात फरक आहे हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि तो आकडाही त्याच टेस्टमधला.

आणि सीएनजीची एक किंमत कुठल्याच कागदावर नसते, ती म्हणजे लाईन. लातूरच्या त्या मुलासोबत मी एकदा मुद्दाम गेलो होतो. पहाटे साडेपाच, पंपाच्या बाहेर रस्त्यावर आमच्या पुढे सतरा-अठरा रिक्षा आणि आठ-नऊ कार, रिक्षावाले इंजिन बंद करून हाताने रिक्षा ढकलत पुढे सरकवतात, एकजण सीटवर पाय वर घेऊन झोपलेला, मागच्याने हॉर्न दिला की झोपेतच उतरतो, दोन फूट ढकलतो आणि परत झोपतो. आमचा नंबर आला तेव्हा सहा वाजून दहा. सगळे खाली उतरा, मोबाईल आत ठेवा. नोझल लावलं, आकडा भराभर पळाला आणि मग रेंगाळला, पंपावरचा पोरगा म्हणाला प्रेशर नाहीये, एवढाच बसेल. पाच किलो आणि काही ग्रॅम. आठ बसायला पाहिजे होते. लातूरचा मुलगा म्हणतो सवय झालीय, चार दिवसांनी एकदा यायचं. महिन्याला चारेक तास, डिकीत बॅग मावत नाही, तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, हे सगळं धरूनही रोज पळणाऱ्याला सीएनजी परवडतं, मी नाही म्हणत नाही. तीन दिवसवाल्याने मात्र आधी लाईनमध्ये एकदा उभं राहून बघावं.

डिझेलचं लवकर आटोपतो. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स हे धुराचे कडक नियम आले, छोट्या गाड्यांमधून डिझेल जवळजवळ गेलंच, आणि जे उरलंय त्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो जो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर तापायला लागते. रोजचं रांगतं ट्रॅफिक हे त्या फिल्टरचं विषच.

हायब्रिड हा खरा रंजक प्रकार आहे, कारण ट्रॅफिकवर औषध असं काही असेल तर ते हेच. स्ट्राँग हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असते, गाडी उभी राहिली की इंजिन बंद, रांगताना मोटर ढकलते, ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत. म्हणजे साध्या गाडीला जो चौक खातो तिथेच ही कमावते. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या हायब्रिडचा अधिकृत आकडा २७.९७ आहे, आणि शहरातही वीस-एकवीस मिळतात असं चालवणारे सांगतात. त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी शहरात बारा देईल. मग घोडं अडतं कुठे, तर किमतीत. तीन लाख जादा मोजले तर ९०० किलोमीटरवाल्याचे महिन्याला तेहतीसशे वाचतात, वसुलीला साडेसात वर्षं. आणि इथे मला सरकारला एक प्रश्न विचारायचाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन बाराशे सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५ टक्के. म्हणजे चार मीटरच्या आत कशीबशी बसवलेली, टर्बो इंजिनाची, उंच, जड, ट्रॅफिकमध्ये अकरा-बारा देणारी एसयूव्ही १८ टक्क्यांत, आणि शहरात वीस देणारी हायब्रिड चार मीटरहून लांब म्हणून ४० टक्क्यांत. टॅक्स लावणारा हातात टेप घेऊन उभा आहे, मीटर घेऊन नाही. छोट्या गाड्या स्वस्त झाल्या याचा मला आनंदच आहे, स्कूटरवर चौघं बसणारं कुटुंब कारमध्ये बसलं तर चांगलंच, पण पेट्रोल वाचवणं हा हेतू असेल तर लांबी कशाला मोजता, पेट्रोल मोजा ना.

इलेक्ट्रिक? ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि तिथपर्यंत स्वतःच्या मीटरची वायर आहे त्याने माझा लेख वाचणं इथेच थांबवलं तरी चालेल. रोज चाळीस किलोमीटर म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक कारला सकाळचा नाश्ता, महिन्याचं वीजबिल धरून दीड-दोन हजारांत भागतं, फक्त घरच्याच मीटरवर लावली तर वरच्या स्लॅबमध्ये जाता ते बघा. मेव्हण्याच्या सोसायटीत मात्र पार्किंग ओपन, त्यालाही नंबर नाही, आणि चार्जरचा विषय मीटिंगमध्ये निघाला की दोन तास लिफ्टच्या मेंटेनन्सवर भांडण होऊन सगळे घरी जातात.

आता इथेनॉल. आपल्या उसाचा विषय आहे म्हणून लोक जरा जपून बोलतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण आधी २०३० ला व्हायचं होतं ते २०२५ मध्येच झालं. शेतकऱ्याला आणि कारखान्याला पैसा मिळतो, बाहेरून तेल कमी आणावं लागतं, हे मान्य. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के पडेल. माझ्या तेरामधला जवळजवळ एक किलोमीटर तिथे जातो. भाव मात्र लिटरला तोच. ब्रोशर बदललं नाही, पंपावरचा बोर्ड बदलला नाही, गिऱ्हाईकाने स्वतः शोधून काढायचं.

काहीजण म्हणतील हा सगळा खटाटोपच कशाला, एका माणसासाठी हजार किलोचं लोखंड रोज हिंजवडीला न्यायचं आणि वर ते कमी पितंय याचं कौतुक करायचं, बसने जा, मेट्रोने जा. खरंय. वारज्यातून सकाळी वेळेवर, बसायला जागा असलेली बस थेट फेज थ्रीला मिळाली तर मेव्हणा गाडीचा विषय सोडून देईल, मी त्याला ओळखतो. पण ती मिळेपर्यंत तो गाडी घेणार आहे, त्याच्यासारखे हजारो घेतायत, आणि त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून घ्यावी एवढंच माझं म्हणणं.

आणि ते अवघड नाहीये. फ्रिज घेताना आपण स्टार बघतो, एसी घेताना बघतो, साध्या पंख्यावरसुद्धा आता स्टार असतात, आणि फ्रिज-एसीवर तर वर्षाला किती युनिट खाणार ते लिहिलेलं असतं. दहा लाखांच्या गाडीच्या काचेवर तसलं लेबल नाही! २०१७-१८ पासून कंपन्यांना कॅफे नावाचे नियम आहेत, विकलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन किती निघावा याचे, आधी किलोमीटरला १३० ग्रॅम आणि २०२२ पासून ११३. ते चांगलेच आहेत, पण तो हिशोब कंपनी आणि दिल्लीच्या मधला, गिऱ्हाईकाला त्यातलं काही दिसत नाही. मला एवढंच पाहिजे, काचेवर एक लेबल, शहरी भागात शंभर किलोमीटरला किती लिटर, एसी चालू ठेवून किती, आणि महिन्याला हजार किलोमीटरचे आजच्या भावाने किती रुपये. शहरी भागाची टेस्ट होतेच आहे, फक्त छापायचं आहे. कंपन्यांना ते नको असणार हे उघड आहे, चोवीसच्या जागी पंधरा लिहायला कोणाला आवडेल, पण सगळ्यांनाच लिहावं लागलं तर कोणाचंच नुकसान नाही.

मेव्हण्याला मी म्हटलं, लेबल येईल तेव्हा येईल, तू टेस्ट ड्राइव्ह तुझ्या रस्त्यावर, तुझ्या वेळेला माग. तीन शोरूमवाल्यांनी नाही सांगितलं, आमचा ठरलेला राऊंड आहे सर, इथून पंपापर्यंत आणि परत. चौथ्याकडचा पोरगा तयार झाला, महिनाअखेर होती बहुतेक. बुधवारी सकाळी पावणेनऊला वारज्यातून निघालो, मेव्हणा चालवतोय, पोरगा शेजारी, मी मागे, मीटर झीरो केलेलं, एसी दोनवर. चांदणी चौकापर्यंत आकडा अठरा दाखवत होता, पोरगा दर दोन मिनिटांनी बोट दाखवून बघा सर म्हणत होता. भूमकर चौक ओलांडून आत वळेपर्यंत तो साडेतेरावर आला आणि पोरगा गप्प झाला. फेज थ्रीच्या गेटला पोचलो तेव्हा दहा वाजायला आले होते आणि स्क्रीनवर १२.८. पोरग्याने मान वाकवून आकडा बघितला आणि अगदी मनापासून म्हणाला, "सर, पण यातलं ट्रॅफिक धरू नका ना."